न आलेल्या पाहुण्यांचे घर

कार्तिक लागला की जुन्या माणसांच्या तोंडी आवळीभोजनाच्या आठवणी येतात. आवळ्याच्या झाडाखाली सतरंज्या पसरायच्या, घरून नेलेले डबे उघडायचे, जेवणे उरकली की गप्पांचा फड जमवायचा आणि ऊन कलले की घरची वाट धरायची, एवढाच काय तो कार्यक्रम. शहरात आवळ्याचे झाड आणि माणसाची सवड या दोन्ही गोष्टी दुर्मीळ झाल्या आणि आवळीभोजन पंचांगापुरते उरले. परंतु चार भिंतींबाहेर, झाडाच्या सावलीत, आपल्या माणसांच्या पंक्तीला बसल्याने अन्नाला जी चव येते, ती काही पंचांगावर अवलंबून नाही. त्या चवीसाठीच तर आपण सहली काढतो.

इंग्रज माणूसही काढतो. मात्र त्याचा मोसम निराळा. उन्हाळा म्हटला की आपण खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून घरात बसणार. आणि वर्षाचे आठ महिने ढगांखाली काढलेला इंग्रज जूनचे ऊन दिसताच घराला कुलूप ठोकणार! वेताच्या टोपल्या, घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास, पोरेबाळे आणि कुत्रा असा सारा संसार मोटारीत भरून तो निघतो. समुद्रकाठी जातो, टेकड्यांवर जातो. पण त्याचे एक फार लाडके ठिकाण म्हणजे जुन्या सरदारांची खेड्यांतली घरे.

'घर' हा शब्द येथे काहींना खटकेल, पण दुसरा शब्द तरी कोठून आणावा? राजवाडा म्हणावे, तर तेथे राजा राहत नाही. किल्ला म्हणावे, तर तटबुरूज नाहीत. वाडा म्हणावे, तर आपल्या डोळ्यांपुढे दोन चौक, ओसरी, आड आणि तुळशीवृंदावन उभे राहते. इंग्रज स्वतः त्या अवाढव्य इमारतीला नुसते 'हाउस' म्हणतो. तेव्हा आपणही घरच म्हणू. अशाच एका घरी काढलेल्या एका दिवसाची आणि त्या घराने मनात उभ्या केलेल्या काही प्रश्नांची ही हकिगत आहे.

नदीकाठची पंगत

२०१९ साली कॉलेजला सुट्टी लागल्यावर मी आईला घेऊन थोरल्या बहिणीकडे शेफिल्डला गेले होते. शेफिल्ड हे पोलादाचे गाव. आपल्या आजोबांच्या वस्तऱ्यांवर आणि चाकूंवर ज्या गावाचे नाव कोरलेले असे, तेच हे. तेथून २५ किलोमीटरच्या आसपास, डर्बीशायर परगण्यात, डरवेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ हे डेव्हनशायरच्या ड्यूकांचे घर आहे. जूनमधल्या एका रविवारी ऊन पडले आणि भावोजींनी सकाळीच जाहीर केले, "आज चॅट्सवर्थ. पुन्हा असं ऊन मिळेलच असं नाही."

ताईने पुऱ्या लाटल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, आईने दडपे पोहे कालवले. दोन्ही भाच्यांनी सँडविचचा हट्ट धरला, तोही पुरवला. वर एक केळ्यांचा घड आणि आले घातलेला चहा. (या केळ्यांकडे वाचकांनी लक्ष ठेवावे, त्यांचे काम पुढे आहे.)

शेफिल्ड सोडले की तपकिरी, ओसाड माळरान लागते. वारा, गवत आणि मेंढ्या यांखेरीज तेथे काही नाही. मग रस्ता उतरू लागतो आणि एकाएकी समोर हिरवेगार खोरे उलगडते. मधून संथ नदी, तिच्यावर दगडी कमानींचा पूल, पलीकडे उतारावर मधाच्या रंगाचे लांबरुंद घर, त्याच्या सोनेरी मुलामा दिलेल्या खिडक्यांच्या चौकटींवर ऊन चमकते आहे, आणि मागे डोंगरभर दाट राई. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "दिसायला रानासारखं दिसतंय, पण कुठं काटा म्हणून नाही."

आईने नेमके मर्म सांगितले होते. ते रान मुळात रान नव्हेच. १७५० नंतरच्या दशकांत चौथ्या ड्यूकाने लॅन्सलॉट ब्राउन नावाच्या उद्यानकाराला बोलावले. हा 'केपेबिलिटी' ब्राउन म्हणून प्रसिद्ध आहे; कोणतीही जमीन पाहिली की 'हिच्यात मोठी शक्यता आहे' असे म्हणण्याची त्याला सवय होती म्हणे. त्याने जुने आखीवरेखीव बगीचे मोडले, उंचवटे सपाट केले, नदीचे पात्र फुगवले, झाडांचे पुंजके हवे तेथे लावले, आणि हे सारे असे केले की पाहणाऱ्याला वाटावे, येथे माणसाचा हात लागलेलाच नाही. निसर्ग दिसावा म्हणून निसर्गावर एवढा खर्च केल्याचे उदाहरण आपल्याकडे सहसा सापडायचे नाही.

या उद्यानातल्या नदीकाठी आम्ही सतरंजी पसरली. सभोवार अशाच पन्नास पंगती बसल्या होत्या. मेंढ्या मधून खुशाल चरत हिंडत होत्या आणि कोणाचा पाव हाती लागतो का ते पाहत होत्या. शेजारी एक वयस्क जोडपे घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. आल्याच्या चहाचा वास गेला तशी बाईंनी हसून चौकशी केली. आईने इंग्रजीचा एक शब्द न वापरता त्यांच्या हातावर पुरी आणि भाजी ठेवली. त्यांनी ती खाल्ली, डोळ्यांत पाणी आणले आणि आणखी मागून घेतली. त्या बाई लहानपणी आईवडिलांबरोबर येथेच जेवायला येत आणि आता नातवंडांना आणतात. हे घर ड्यूकाचे खरे, पण त्या बाईंच्या बोलण्यात ते 'आमचे चॅट्सवर्थ' होते. हे कसे घडले, हा मला पडलेला पहिला प्रश्न.

राजा आलाच नाही

या घराचा प्रारंभ एका बाईने केला. तिचे नाव बेस ऑफ हार्डविक. साध्या जमीनदाराची ही मुलगी चार वेळा लग्न करून, दर वेळी अधिक श्रीमंत होत गेली. तिचा दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश याने तिच्याच आग्रहावरून १५४९ साली ही जागा ६०० पौंडांना विकत घेतली आणि १५५२ साली बांधकामाला हात घातला. तिचा चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूझबरी याच्याकडे राणी एलिझाबेथने एक जोखमीची ठेव सोपविली होती, ती म्हणजे स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी. १५६९ पासून पुढे अनेकदा मेरीला चॅट्सवर्थ येथे कैदेत ठेवण्यात आले. म्हणजे या घरात आलेला पहिला मोठा राजपाहुणा बिचारा पहाऱ्यात होता!

बेसच्या वंशजांपैकी एकाने १६८८ च्या राज्यक्रांतीत विल्यम ऑफ ऑरेंजची बाजू घेतली. त्याचे बक्षीस म्हणून १६९४ साली तो पहिला ड्यूक ऑफ डेव्हनशायर झाला. या गृहस्थाला बांधकामाचे वेड होते. १६८७ पासून १७०७ पर्यंत वीस वर्षे तो जुने घर पाडून नवे उभारीत होता. आपण पाहतो ते मुख्यतः त्याचे घर. त्यातल्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्याने राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्यासाठी म्हणून एकापुढे एक अशा दालनांची रांग सजविली. छतावर देवदेवता रंगविल्या, भिंतींना कोरीव लाकूड मढविले.

राजा आला नाही. राणीही आली नाही. दालने सजून राहिली.

आम्ही त्याच दालनांतून फिरत होतो. एका अर्धवट उघड्या दारामागे खुंटीला एक व्हायोलिन टांगलेले दिसले. धाकटी भाची ते पाहायला पुढे सरसावली आणि खुदकन हसली. व्हायोलिन नव्हतेच! यान व्हान डर व्हार्ट नावाच्या चित्रकाराने ते दारावर रंगविले आहे; जवळ गेले तरी डोळा फसतो. शिल्पांच्या दालनात राफाएले मॉन्टीने घडविलेली एक तरुणी आहे. तिच्या तोंडावरून तलम अवगुंठन ओघळले आहे आणि त्यातून तिचे नाकडोळे दिसतात. सारा दगडच, पण आई हळूच म्हणाली, "वारा आला तर हलेल गं हा पदर."

साहित्याच्या वाचकांना या घराची आणखी एक ओळख आहे. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत नायिका एलिझाबेथ डर्बीशायरमध्ये सहलीला येते, नायक डार्सी याचे घर पाहायला जाते आणि तेथली कारभारीणबाई तिला दालने दाखविते. २००५ सालच्या चित्रपटात डार्सीचे घर म्हणून चॅट्सवर्थच दिसते. कादंबरीतला हा प्रसंग मी वर्गात कधी सांगितला की मुले विचारीत, परक्या माणसांना घर कसे दाखवीत? पण ती तेथली जुनी रीतच होती. मालक गावी नसला की कारभारीण प्रतिष्ठित प्रवाशांना घर दाखवी आणि चार नाणी मिळवी. दार किलकिले होते. सताड उघडे व्हायला एक ड्यूक आणि एक माळी यांची गाठ पडावी लागली.

माळ्याचा पहिला दिवस

हा सहावा ड्यूक. जन्म १७९०, मृत्यू १८५८. त्याने लग्न केले नाही म्हणून त्याला 'ब्रह्मचारी ड्यूक' म्हणत. त्याने लंडनजवळच्या एका बागेतला २२ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, जोसेफ पॅक्स्टन, मुख्य माळी म्हणून नेमला आणि स्वतः झारच्या राज्यारोहणासाठी रशियाला निघून गेला.

१८२६ च्या मे महिन्यातल्या त्या पहिल्या सकाळची हकिगत पॅक्स्टनने स्वतः सांगून ठेवली आहे. तो पहाटे साडेचार वाजता पोहोचला. कोणी उठले नव्हते, म्हणून भिंत चढून आत उतरला. सारी बाग पायाखाली घातली, सहा वाजता गडीमाणसांना कामाला लावले, कारंजी सुरू करून पाहिली, मग कारभारीणबाईंकडे न्याहारीला गेला, तेथे त्यांच्या भाचीच्या प्रेमात पडला आणि तीही त्याच्या! हे सारे नऊ वाजण्यापूर्वी. त्यांचे लग्नही पुढे झाले.

या माळ्याने काय केले नाही? १८३६ ते १८४१ या काळात त्याने काचेचे एक प्रचंड वनस्पतिगृह उभारले. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, उंची सुमारे ६७ फूट. आत भट्ट्यांनी तापविलेली हवा आणि तिच्यात वाढणारी आपल्याकडच्यासारखी उष्ण देशांतली झाडे. १८४३ साली व्हिक्टोरिया राणी ते पाहायला आली तेव्हा हजारो दिव्यांनी ते उजळले होते. १८४९ साली त्याने दक्षिण अमेरिकेतल्या महाकाय कमळाला इंग्लंडमध्ये प्रथमच फूल आणविले. त्याचे पान एवढे भक्कम, की पॅक्स्टनने आपल्या छोट्या मुलीला त्याच्यावर उभे केले. त्या पानाच्या पाठीमागच्या शिरांची रचना त्याच्या डोक्यात बसली. १८५१ च्या लंडनमधल्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याने बांधलेल्या 'क्रिस्टल पॅलेस' या काचमहालात ती उतरली असे सांगतात. शेतकऱ्याचा मुलगा सर जोसेफ झाला, पार्लमेंटात निवडून गेला.

आणि आता आमच्या केळ्यांकडे वळू. १८३० नंतरच्या दशकात पॅक्स्टनच्या हाती मॉरिशसमार्गे आलेले केळीचे एक बुटके रोप पडले. १८३५ च्या अखेरीस ते फुलले, पुढच्या वर्षी त्याला शंभरावर फळे धरली आणि पॅक्स्टनने मालकाच्या घराण्यावरून त्याला 'कॅव्हेंडिश' हे नाव दिले. या बागेतली रोपे पुढे मिशनऱ्यांबरोबर प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेली. विसाव्या शतकात मर रोगाने जुनी व्यापारी केळी बुडाली, तेव्हा जगाच्या बाजारात त्यांची जागा कॅव्हेंडिश केळ्याने घेतली. आपल्या जळगावकडची बसराई केळी, हल्लीची ग्रँड नैन, ही सारी याच कॅव्हेंडिश कुळातली. ती काही येथून आपल्याकडे आली असे नव्हे. गोत्र एक आणि नाव या घराचे, एवढेच. पण रावेर-यावलचा शेतकरी ज्या घराण्याचे नाव पिकवितो, त्या घराच्या अंगणात बसून केळे सोलताना गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

ड्यूकाला हिंदुस्थानच्या फुलांचाही सोस होता. १८३५ साली त्याने जॉन गिब्सन या आपल्या तरुण माळ्याला कलकत्त्याला धाडले. गिब्सन खासी डोंगरांत हिंडला आणि १८३७ साली नाना तऱ्हेची ऑर्किडे पेट्यांत भरून घेऊन गेला. आपल्या रानातले सौंदर्य दुसऱ्याच्या काचघरात कसे गेले, याचा हाही एक लहानसा दाखला.

परंतु सर्वांत बोलकी कथा कारंज्याची आहे. १८४४ साली झार निकोलस इंग्लंडला यायचा होता. तो चॅट्सवर्थला येईल म्हणून ड्यूकाने त्याच्याकडच्याहून उंच कारंजे उभारण्याचे मनात घेतले. पॅक्स्टनने माथ्यावरच्या माळावर आठ एकरांचे तळे खणले, तेथून खाली नळ आणले. रात्री मशालींच्या उजेडात माणसे राबली आणि सहा महिन्यांत काम पुरे झाले. पंप नाही, यंत्र नाही. केवळ उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने धार २९६ फुटांपर्यंत चढल्याची नोंद आहे. त्याचे नाव ठेवले 'सम्राटाचे कारंजे'.

झार इंग्लंडला आला आणि चॅट्सवर्थला न येताच परत गेला.

राजासाठी दालने केली, राजा आला नाही. सम्राटासाठी कारंजे उडविले, सम्राट आला नाही. मग आले तरी कोण? १८४९ च्या जूनमध्ये जवळच्या रोझ्ली गावापर्यंत आगगाडी आली आणि त्या एका उन्हाळ्यात गिरण्या-कारखान्यांच्या शहरांतून ८०,००० माणसे घर पाहायला लोटली. ड्यूकाची आज्ञा अशी होती, की येणारा कोणीही असो, त्याच्यासाठी कारंजी उडालीच पाहिजेत. ज्यांच्यासाठी केले ते आले नाहीत. ज्यांच्यासाठी केले नव्हते त्यांनी घर भरून गेले. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे येथे आहे.

आम्ही गेलो तेव्हा घरामागच्या टेकडीवरून दगडी पायऱ्यांवरून उतरणारा जुना जलप्रपातही वाहत होता. तो पहिल्या ड्यूकाच्या वेळचा, १६९६ चा. पायऱ्यांची रुंदी आणि ठेवण जागोजाग निराळी, त्यामुळे पाण्याचा नाद पावलागणिक बदलतो. भाच्या इतर पोरांबरोबर पायमोजे काढून त्यात उतरल्या. त्यानंतर काही वर्षांनी तो मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला. तीन शतकांचे पाणी दगडालाही झिजवितेच.

हललेले गाव

एवढे कौतुक केल्यावर नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नदीपलीकडे एक टुमदार गाव आहे. लिहायचे 'ईडन्सॉर' आणि म्हणायचे 'एन्झर'. हे गाव पूर्वी आणखी नदीकडे, घराच्या नजरेत होते. १८३८ ते १८४२ या काळात ब्रह्मचारी ड्यूकाने ते नजरेआड नेऊन नव्याने वसविले. नवी घरे चांगली पक्की बांधून दिली, हे खरे. एक घर दुसऱ्यासारखे नाही, असे सारे सुबक काम. जुन्या गावातले एकच घर मात्र रस्त्याच्या अलीकडे आपल्या भिंतीच्या कुंपणात एकटे उभे राहिले आहे. धरणाखाली गेलेली गावे आपण पाहिली आहेत, धरणग्रस्तांची दुःखे ऐकली आहेत. पण देखाव्यासाठी गाव हलविण्याची ही तऱ्हा निराळीच.

"एवढा पैसा आणला कुठून रे यांनी?" आईने भावोजींना विचारले. उत्तर सोपे आहे. जमीन, खंड आणि खाणी. कॅव्हेंडिश घराण्याच्या इंग्लंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये विस्तीर्ण जमिनी होत्या, आणि जवळच्या एक्टन येथील तांब्याच्या खाणीने पाचव्या ड्यूकाला अमाप धन दिले. वरच्या मजल्यावरच्या देवदेवता अखेर खाणीतल्या काळोखात राबणाऱ्या हातांनी तोललेल्या होत्या.

गावातल्या चर्चच्या आवारात पॅक्स्टनची समाधी आहे. त्याच आवारात कॅथलीन केनेडी हिची साधी समाधी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची ही बहीण. १९४४ च्या मे महिन्यात तिने दहाव्या ड्यूकाच्या थोरल्या मुलाशी लग्न केले. सप्टेंबरात तो बेल्जियममध्ये लढाईत पडला. १९४८ साली ती विमान अपघातात गेली. १९६३ च्या जूनमध्ये अध्यक्ष केनेडी येथे येऊन बहिणीच्या समाधीपुढे उभे राहिले. पाच महिन्यांत त्यांचाही अंत झाला. आई तेथे हात जोडून क्षणभर थांबली.

चौदा आठवडे

त्या थोरल्या मुलाच्या मृत्यूने घराचेही दैव फिरले. युद्धकाळात घर सैन्याच्या ताब्यात जाऊ नये म्हणून ते एका मुलींच्या शाळेला दिले होते. राजासाठी सजविलेल्या दालनांत शाळकरी मुलींच्या खाटांच्या रांगा लागल्या होत्या. युद्ध संपले, शाळा गेली, घर रिकामे झाले. दहाव्या ड्यूकाने वारसाकर टळावा म्हणून आपली मिळकत हयातीतच धाकट्या मुलाच्या नावे केली होती. कायदा असा, की देणारा त्यानंतर पाच वर्षे जगला तर कर नाही. १९५० च्या नोव्हेंबरात लाकडे फोडताना तो एकाएकी गेला. पाच वर्षांना चौदा आठवडे कमी पडले!

कराचा दर होता ८० टक्के. बहुतेक घराणी अशा वेळी घर पाडून दगड विकून मोकळी झाली. त्या काळात इंग्लंडमधली शेकडो घरे अशी जमीनदोस्त झाली. अकरावा ड्यूक अँड्र्यू आणि त्याची पत्नी डेबोरा यांनी दुसरी वाट धरली. हजारो एकर जमीन विकली. बेसने बांधलेला हार्डविकचा वाडा सरकारला दिला. रेम्ब्रांटचे चित्र, होल्बाइनने काढलेले आठव्या हेन्रीचे रेखाचित्र अशी रत्ने १९५७ साली लंडनच्या संग्रहालयांत गेली. कर फेडता फेडता १९७४ साल उजाडले. म्हणजे पुरी चोवीस वर्षे. १९५९ साली हे जोडपे चॅट्सवर्थमध्ये राहायला आले, आणि डेबोराने घराचा संसार खऱ्या अर्थाने मांडला. शहरी मुलांना दूध कोठून येते हे कळावे म्हणून गोठा उघडला, शेतमालाचे दुकान काढले, पुस्तके लिहिली. अखेर १९८१ साली घर, बाग आणि उद्यान एका धर्मादाय विश्वस्त निधीच्या हाती देण्यात आले. तिकिटांचे पैसे त्या निधीत जातात आणि आपल्याच पूर्वजांच्या घरात राहण्यासाठी घराणे त्या निधीला भाडे देते. डेबोरा २०१४ साली वारली. तिचीही समाधी एन्झरलाच आहे.

थोरला, धाकटे आणि मुली

बागेतल्या बाकावर बसून भावोजी हे सारे सांगत होते. आई ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढे दुसरेच घर उभे असावे, हे मला कळत होते. आईचे माहेर वाईकडचे. दोन चौकी वाडा, सागवानी खांब, माजघरात दिवसाही दिवा लागे. आजोबांच्या पश्चात पाच भावांच्या वाटण्या झाल्या. मग चुलत भावांच्या, मग त्यांच्या मुलांच्या. चौकात भिंत आली, जिन्यावरून खटला चालला, तुळया खरेदीदाराने नेल्या. आता तेथे चार मजल्यांची इमारत आहे. तिचे नाव मात्र 'वाडा' असेच ठेवले आहे!

"यांच्यात भाऊभाऊ भांडत नाहीत का रे?" आईने विचारले.

"भांडून उपयोग नसायचा, आई. सगळं थोरल्याला. धाकट्यांनी सैन्यात जायचं, नाहीतर चर्चमध्ये."

"आणि मुलींनी?"

"लग्न करायचं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे यांनी घर राखलं आणि माणसं बाहेर काढली. आपण माणसांना वाटे दिले आणि घर घालवलं."

वारसा कायद्यावरची इतकी नेमकी टीका मी कोठे वाचलेली नाही. इंग्रजांची ही घरे उभी राहिली त्याचे खरे कारण थोरल्याचा हक्क हे होय. ऑस्टिनच्या कादंबरीतल्या पाच बहिणींना बापाचे घर मिळायचे नसते, ते दूरच्या पुरुष नातलगाला जायचे असते, म्हणून तर त्यांच्या आईला लग्नांची एवढी घाई. आपल्याकडे सर्व मुलगे समान वाटेकरी. २००५ च्या कायद्याने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांच्या बरोबरीने हक्क आला. न्यायाच्या तराजूत आपले पारडे निःसंशय जड आहे. पण न्याय वाटून झाल्यावर चौकाचे काय करायचे, हे आपण कधी ठरविलेच नाही.

चॅट्सवर्थने अखेर जी वाट काढली ती थोरल्याच्या हक्काचीही नव्हे आणि वाटणीचीही नव्हे. घर कोणा एकाचे न ठेवता सर्वांचे करायचे, आणि सर्वांकडून थोडेथोडे घेऊन ते राखायचे, अशी ती तिसरी वाट. ही वाट आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या चित्रांचा आणि शिल्पांचा ठेवा यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधून १९३८ साली लोकांसाठी खुला केला, आणि पाठोपाठ १९३९ साली राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपविला. कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आणि घाट आजही उभा आहे. त्याच्या पायऱ्यांवर बसून शिदोरी सोडणाऱ्यांना वेगळे काही सांगायला नको.

लहान गावांतून असे पडके-झडके, अर्धे वाटलेले, अर्धे टिकलेले वाडे अजूनही कितीतरी आहेत. त्यांतले सारे वाचणार नाहीत, वाचायलाही नकोत. पण एखाद्या घराण्याच्या दहा वाटेकऱ्यांनी एकत्र बसून एक चौक, एक ओसरी, एक आड गावासाठी मोकळा ठेवला, तर सम्राट येणार नाही. शेजारच्या गल्लीतली माणसे डबे घेऊन येतील. कार्तिकात यावे, असे झाड मात्र अंगणात हवे. आवळ्याचे रोप रोपवाटिकेत सहज मिळते, आणि ते लावायला ड्यूक असावे लागत नाही.